टेक्स्चरच्या आधी प्रायमर कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बेसमेंटच्या नव्या ड्रायवॉलवर (कागद चढवलेल्या जिप्सम बोर्डावर) नॉकडाउन टेक्स्चर, म्हणजे थेंब उडवून ते पात्याने चपटे केलेला खडबडीत पोत, मारण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. टेक्स्चरच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा असा दोनदा प्रायमर म्हणजे उगाच खर्च, कारण इथले अमेरिकन बिल्डर सरळ मडवरच (सांधे भरायच्या लगद्यावरच) स्प्रे करतात. टेक्स्चर सगळं झाकतं, म्हणून सांध्यांवर मडचा तिसरा हात नको. आणि छताला ५/८ इंच जाडीचा बोर्ड लावा म्हणणं हा अतिरेक आहे.

पहिल्या आक्षेपावर मी ठाम आहे. नवी ड्रायवॉल दिसायला एकसंध दिसली तरी तिथे दोन वेगळे पृष्ठभाग असतात: बोर्डाचा कागद, आणि सांध्यांवर व स्क्रूंवर वाळलेलं जॉइंट कंपाउंड, म्हणजेच मड. कंपाउंड कागदापेक्षा पाणी फार लवकर शोषतं. हॉपर गनमधून (वर मिश्रणाचं भांडं असलेल्या, हवेवर चालणाऱ्या स्प्रे गनमधून) उडालेला थेंब सांध्यावर पडला की त्यातलं पाणी लगेच आत जातं आणि तो घट्ट होतो; शेजारीच कागदावर पडलेला थेंब अजून ओलाच असतो. नॉकडाउनमध्ये सगळी मदार वेळेवर असते. ओली चकाकी गेली की, साधारण १० ते १५ मिनिटांनी, थेंबांची डोकी पात्याने हलकेच दाबायची. पण भिंतीवर दोन घड्याळं चालू असतील तर कुठली वेळ धरणार? सांध्याच्या वेळेला गेलात तर कागदावरचे थेंब फरफटतात. कागदाची वाट पाहिलीत तर सांध्यावरचे थेंब दाबलेच जात नाहीत, टोकदार राहतात. दर ४ फुटांवर पट्टा दिसतो तो यामुळे. रंगाचे आणखी दोन हात दिले तरी तो जात नाही, कारण तो पोताचा फरक आहे, रंगाचा नाही.

प्रायमरचं पहिलं काम इतकंच, की सगळ्या भिंतीची शोषण्याची गती एक करायची. शिवाय सँडिंगमध्ये कागदावर उठलेली लव त्याने बसते. तयार बादलीतलं मड पाण्याने पुन्हा मऊ होतं. टेक्स्चरचं पाणी थेट त्यात मुरू द्यायचं नसेल, तर त्यासाठीही मध्ये प्रायमर लागतो. नंतरचा प्रायमर वेगळ्या कारणासाठी: टेक्स्चर स्वतःच कोरडं, तहानलेलं मड असतं आणि रंग ओढून घेतं.

बिल्डरांचं म्हणाल, तर त्यांचं निभावतं ते थर जाड असतो, मोठ्या मशीनने अख्खी खोली एका दमात होते आणि मारणाऱ्याचा हात रोजचा असतो म्हणून. खिडकीचा प्रकाश भिंतीला घासून येत नसेल तर उरलेला फरक कोणी पाहतही नाही. घरी हॉपर गन भाड्याने आणून, मध्येमध्ये भरत काम करणाऱ्याला ही सवलत नाही.

भारतात पुट्टीवर टेक्स्चर चालतं, हे तुमचं उदाहरण खरं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. पुट्टी संपूर्ण भिंतीवर ओढलेली असते, म्हणजे पृष्ठभाग एकच. इथेही अख्ख्या भिंतीवर मडचा पातळ हात ओढलात तर पट्ट्यांचं भय जवळजवळ संपतं. पण ती मेहनत प्रायमरपेक्षा कितीतरी जास्त आहे.

दुसऱ्या आक्षेपात तुमचं निम्मं बरोबर आहे. जिप्सम असोसिएशन या बोर्ड उत्पादकांच्या संघटनेच्या जीए-२१४ या दस्तऐवजात भिंतीच्या फिनिशिंगच्या पायऱ्या (लेव्हल) दिल्या आहेत; मध्यम किंवा जाड टेक्स्चरखाली लेव्हल ३ पुरेशी मानली आहे, म्हणजे टेप (सांध्यावरची पट्टी) बसवल्यावर सांध्यांवर आणखी एक हात. हलक्या टेक्स्चरखाली मात्र लेव्हल ४, म्हणजे आणखी दोन हात. (टेक्स्चरच्या आधी ड्रायवॉल प्रायमर मारावा, असंही तिथेच लिहिलं आहे.) तेव्हा जाड नॉकडाउन असेल तर तिसरा हात सोडा. ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखं बारीक टेक्स्चर, असेल तर सोडू नका. ते बारीक दाणे टेपची कड झाकत नाहीत, उलट तिच्याकडे नजर नेतात.

छताच्या बाबतीत आधी जॉइस्टमधलं (बोर्ड ज्यांना ठोकतात त्या छताच्या तुळयांमधलं) अंतर मोजा. १६ इंच असेल आणि बोर्ड जॉइस्टला आडवे लावले असतील, तर साधा १/२ इंची बोर्ड चालतो, तिथे माझा आग्रह नाही. अंतर २४ इंच असेल तर ५/८ इंची, किंवा खास छतासाठी मिळणारा न झुकणारा १/२ इंची बोर्डच लावा. ३/८ इंची बोर्डावर पाण्याचं टेक्स्चर मारूच नये. ओला थर वजन टाकतो आणि बोर्ड मऊही करतो. वर इन्सुलेशनचा भार असला की दोन जॉइस्टच्या मधे पोट सुटतं, आणि वाळल्यावर ते परत वर जात नाही. बेसमेंट गरम करायला धुराडं नसलेला प्रोपेन हीटर लावू नका, त्याच्या ज्वलनातून पाण्याची वाफ खोलीतच साठते. तापमान ५५ फॅरनहाइटच्या वर ठेवा, डिह्युमिडिफायर चालू द्या.

स्प्रेचं मिश्रण किती पातळ, हे तुम्ही जाता जाता विचारलंत. मडच्या पूर्ण बादलीला आधी साधारण अर्धा गॅलन पाणी, मग एकेक कप वाढवत धिरड्याच्या पिठासारखं करा. ऑरेंज पीलसाठी त्याहून पातळ. गाठ एकही नको, ती नोझलमध्ये अडकते. हवेचा दाब २५ ते ४० पीएसआय, भिंतीपासून अंतर दीड ते दोन फूट, हात सतत हलता. छोटा पॅनकेक (चपट्या टाकीचा) कंप्रेसर इतकी हवा सलग पुरवू शकत नाही. दाब पडला की थेंब मोठे होतात, म्हणून टाकी भरेपर्यंत थांबत मारा.

एवढ्यावरही पटत नसेल तर उरलेल्या बोर्डाचे दोन तुकडे जोडा, सांधा टेप आणि मडने नीट भरा, आणि सांध्याच्या अर्ध्या लांबीवरच प्रायमर द्या. तो वाळला की दोन्ही अर्ध्यांवर एकदमच स्प्रे करा आणि एकाच वेळी पातं फिरवा. दुसऱ्या दिवशी बाजूने टॉर्च धरून बघा आणि काय दिसलं ते इथेच लिहा. जमल्यास फोटो टाका.