लोककथा न बदलता आल्या, हे खरं नाही

लोककथांविषयीचा एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्यातली विधानं साधारण अशी असतात: लोककथा म्हणजे समाजाचा शुद्ध आत्मा. हजारो वर्षं त्या एक अक्षरही न बदलता तोंडोतोंडी आल्या. प्रत्येक समाजाच्या कथा फक्त त्याच्याच असतात, त्यांना कुणी कर्ता नसतो, आणि त्या वाचल्या की तो समाज काय मानतो ते लख्ख कळतं.

यामागची आस्था मला मनापासून आवडते. पण ही विधानं तपासली की फारसं काही टिकत नाही. आणि लोककथांमधलं जे खरोखर मोलाचं, त्याकडेच दुर्लक्ष होतं.

पहिलं विधान ‘एक अक्षरही न बदलता’ हे. 1930च्या दशकात मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी युगोस्लाव्हियातल्या वीरगाथा गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं केली. एकाने छातीठोकपणे सांगितलं, की ऐकलेलं गाणं मी शब्दाला शब्द तसंच गातो. मुद्रणं शेजारी ठेवली तेव्हा ओळी वेगळ्या निघाल्या. तो खोटं बोलत नव्हता. कथानक तेच, म्हणजे गाणं तेच, अशी त्याची धारणा होती. त्याआधी फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला देऊन नंतर आठवून सांगायला लावली. 1932 सालच्या पुस्तकात त्याने निष्कर्ष सविस्तर मांडले. सांगणाऱ्यांनी अनोळखी तपशील गाळले होते किंवा ओळखीचे करून टाकले होते. मूळ कथेतली डोंगी काहींच्या तोंडी साधी होडी झाली होती.

याविरुद्ध एक भक्कम उदाहरण आहे आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या कथांमध्ये समुद्राने जमीन गिळल्याच्या आठवणी आहेत. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या अभ्यासकांच्या मते त्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली तेव्हाच्या, म्हणजे 7000 वर्षांहून जुन्या आहेत. हा दावा मान्य केला, तरी त्यांनीच दिलेलं कारण महत्त्वाचं आहे: कथा नीट पोचली की नाही हे तपासण्याची जबाबदारी तिथे ठरावीक नातेवाइकांवर असते. तेव्हा कथा टिकते ती माणसांनी टिकवायचं ठरवलं म्हणून. आपोआप टिकणं हा तिचा गुणधर्म नव्हे.

‘प्रत्येक समाजाच्या कथा फक्त त्याच्याच’ या विधानाला पंचतंत्राचा प्रवासच उत्तर देतो. सहाव्या शतकात ते पहलवी या इराणच्या जुन्या भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने तिथून अरबीत नेलं आणि पुढे ते युरोपभर पसरलं. करटक-दमनकाची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. दमनक कोल्हा पिंगलक सिंहाचे कान भरतो, सिंह आपल्या मित्राला, संजीवक बैलाला मारतो, आणि दमनकाचं काहीच वाकडं होत नाही. उलट तो मंत्री म्हणून सुखात राहतो. अरबी कथेत मात्र पुढे एक आख्खं नवं प्रकरण येतं. दमनकावर, म्हणजे तिथल्या दिम्नावर, खटला चालतो, साक्षी होतात आणि त्याला मृत्युदंड मिळतो. हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फाने स्वतः घातलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला या बदलाचं फार मोल वाटतं. एका परंपरेला राजनीती जशी आहे तशी दाखवायची होती. दुसऱ्या परंपरेत कुणाला तरी गुन्हा शिक्षेविना सोडवेना. दोन्ही परंपरांची ओळख त्या जोडलेल्या प्रकरणात दिसते. कथा एकाच समाजाच्या पेटीत बंद राहिली असती, तर हा फरक कधीच उजेडात आला नसता.

‘कर्ता नसतो’ हे अर्धसत्य आहे. पहिला कर्ता बहुधा सापडत नाही, पण सांगणारा असतोच. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचे पहिले दोन खंड 1812 आणि 1815 साली आले. त्यातल्या कितीतरी कथा डोरोथेआ फीमान हिने सांगितलेल्या. ग्रिम बंधूंनी तिला अस्सल शेतकरी बाई म्हणून लोकांपुढे ठेवलं. प्रत्यक्षात ती शिंप्याची बायको होती, वडिलांच्या खाणावळीत वाढलेली, आणि तिचे पूर्वज फ्रान्समधून आलेले प्रोटेस्टंट निर्वासित होते. ‘शुद्ध जर्मन’ म्हणून मिरवलेल्या कथांमागे असं घर होतं. यात कथांना कमीपणा येत नाही. कमीपणा येतो तो शुद्धतेच्या कल्पनेला.

राहिलं शेवटचं विधान, कथा वाचली की समाज काय मानतो ते कळतं. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या कथेत 1812 साली मुलांना जंगलात सोडायला लावणारी बाई त्यांची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ग्रिम बंधूंनी तिला सावत्र आई केलं. आता सांगा, यातून सावत्र आयांविषयी काय कळलं? काहीच नाही. कळलं ते एवढंच, की सख्खी आई अन्नासाठी लेकरं टाकू शकते हे त्या काळच्या सुशिक्षित वाचकासमोर ठेवणं त्यांना नको वाटलं. समाजाची नीती आणि समाजाच्या कथा अनेकदा एकमेकींच्या विरुद्ध असतात. विल्यम बॅस्कम या अमेरिकन अभ्यासकाने 1954 साली लोकवाङ्मयाची कामं मांडली, त्यात रूढी टिकवणं होतं आणि त्याच रूढींच्या काचातून मनाने सुटणंही होतं. सून सासूला जे बोलू शकत नाही, ते ती गाण्यात म्हणते. ते गाणं समाजाचा नियम म्हणून वाचलं तर आपण तिचं म्हणणंच ऐकलं नाही असं होईल.

म्हणून कथेसोबत ती कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगितली हेही नोंदवायला हवं. ही अपेक्षा आजची नाही. सिंड्रेलासारखी एक कथा नवव्या शतकात चीनमध्ये लिहून ठेवली गेली. सावत्र आई, माशाची जादूची हाडं आणि सोन्याचा जोडा असलेली ही यशियानची गोष्ट, युरोपात छापलेल्या सिंड्रेलाच्या कित्येक शतकं आधीची. ती नोंदवणाऱ्या दुआन चेंगशीने ती आपल्या घरच्या एका जुन्या नोकराकडून ऐकली होती. त्याने त्या नोकराचं नाव लिहिलं, तो दक्षिणेकडच्या कोणत्या प्रदेशातला हेही लिहिलं.