‘वस्तीवरच्या वर्गांनी कुणाची गरिबी हटली?’ म्हणे!

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या गावांत ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या चकरा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं शहाणपण एकदमच वाढतं. यंदाचं शहाणपण आमच्या दाजींपर्यंत पोचलं. दाजी धारूर तालुक्यातले, दर हंगामाला माझ्या बहिणीला घेऊन ऊसतोडीला जातात. फॉरवर्डखाली त्यांनी विचारलं होतं, "पोरीला ठेवू का नेऊ?" भाची सातवीत आहे. नाहीतर असल्या मजकुराला मी उत्तर दिलं नसतं.

मजकूर थोडक्यात असा: साखरशाळा (म्हणजे कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी चालणाऱ्या शाळा), हंगामी वसतिगृहं, वस्तीवरच्या संध्याकाळच्या अभ्यासिका हा सगळा संस्थावाल्यांचा धंदा आहे, शिकलेली पोरं बेकारच फिरतात, फुकट खिचडीनं लेकरं आळशी होतात, म्हणून पोरांना सोबत न्या, घरात दोन पैसे जास्त येतील. आणि वर कळस म्हणजे, ‘बाबासाहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, त्यांना कोणत्या संस्थेनं हात दिला?’

हे लिहिणाऱ्याला बाबासाहेबांचं चरित्र कुणीतरी वाचून दाखवा. कॉलेजसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना 25 रुपये मिळत होते. ती गाठ केळुसकर गुरुजींनी घालून दिली. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे, यात वादच नाही. पण आपल्याला मिळालेला हात ते स्वतः विसरले नाहीत. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि लगेच सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या पोराला पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. त्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, 1950 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद. खेड्यातून आलेली पोरं तिथं राहून शिकली आणि पुढं त्यांच्या घरची पिढीच पालटली. ज्या माणसानं वसतिगृहं उभी केली त्याच्याच नावानं वसतिगृहं बंद करा म्हणायचं, याला काय म्हणावं?

संस्थावाले पैसे खातात? काही खातात. हजेरीपटावर चाळीस पोरं आणि ताटावर पंधरा, असले प्रकार आपल्याकडं होतात, नाही म्हणत नाही. त्यावर उपाय म्हणजे ग्रामसभेत हजेरीपट मागणं. पोरालाच शाळेतून काढून त्या खाणाऱ्याचं काय वाकडं होणार? खिचडीच्या मुद्द्याला तर उत्तरच देत नाही. जेवल्यानं लेकरू आळशी होतं म्हणणाऱ्यानं आधी स्वतःचं ताट बाजूला ठेवावं.

शिकलेले बेकार, हे मात्र अर्धं खरं आहे. डी.एड. करून घरी बसलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. पण वस्तीवरचा वर्ग नोकरी लावून देतो असं कुणी म्हटलंच नव्हतं. मागं पडलेल्या पोराला वाचता यावं, हिशेब यावा, एवढं त्याचं काम. ते होतं का, हे मोजलेलं आहे. मुंबई आणि बडोद्याच्या सरकारी शाळांत ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा बालसखी कार्यक्रम होता. आसपासचीच शिकलेली मुलगी, तिच्या हाती तिसरी-चौथीतली कच्ची पोरं, रोज दोन तास. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडून तो तपासला. 2007 साली अभ्यास छापून आला. पोरांची प्रगती ठळक होती, आणि सर्वांत जास्त कच्च्या पोरांची. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्यांनीच लिहिलंय. म्हणजे एक हंगाम वर्ग चालवून फोटो काढणाऱ्यांनी फार मिरवू नये.

आता ‘सोबत न्या, दोन पैसे येतील’. सगळ्यात जास्त चीड मला याची आली, कारण हे ऐकणारे ऐकतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीपोटी आधीच दिलेले पैसे, त्या जोडीला मिळते आणि तोडलेल्या उसाच्या टनावर फिटते. सातवीतल्या पोरीला वेगळी उचल कोण देतो? ती मोळ्या बांधते, कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, आणि हिशेबात तिचं नाव कुठंच नसतं. हंगाम संपला की मुकादम सांगतो, एवढी बाकी राहिली. वजनाच्या पावत्या वाचून ‘दाखवा बरं कशी’ विचारणारं घरात कुणी नसलं, की ती बाकी पुढच्या साली आई-बापाला पुन्हा उसाच्या फडात नेते. आणखी काही सालांनी पोरीचं लग्न लावतात, की झाला नवा कोयता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात बावीस टक्क्यांच्या आसपास होत्या, बीडमध्ये चाळीसच्या वर. सगळा दोष स्थलांतराचा नाही, पण ‘पोर एकटी कुणाकडं ठेवायची’ हा घोर त्यातला मोठा आहे. हंगामी वसतिगृह त्याच घोरावरचं उत्तर आहे: पोर गावातच आजीपाशी राहते, जेवण शाळेकडून मिळतं आणि वर्ग चुकत नाही.

म्हणून दाजी, आणि दाजींसारखे सगळे: गाडी भरायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा आणि हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. न्यावंच लागलं तर शिक्षण हमी पत्रक मागून घ्या; ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतात. नसलं तरी कागदासाठी पोराला दारातून परत पाठवता येत नाही, 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा आहे तसा. आणि उचल घेताना मुकादम वहीत जे लिहितो, ते पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या, त्याच्यासमोरच.