'चुंगकिंग एक्सप्रेस' : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सावकाश, दोनदा वाचली. आभार मानून बाजूला ठेवावी अशी ती नाही, म्हणून जरा लांबलचक उत्तर लिहिते आहे. वाँग कार-वाई या हाँगकाँगच्या दिग्दर्शकाच्या 'चुंगकिंग एक्सप्रेस' या सिनेमावरच्या (१९९४) माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, दोन कथांचा एकमेकींशी संबंध नाही, घाईत केलेल्या या सिनेमात पहिली कथा अर्ध्यावर सोडून दिली आहे आणि घडत तर काहीच नाही. दोन, दुसऱ्या कथेतली मुलगी परक्या माणसाच्या घरात चोरून शिरते आणि आपण ते गोड मानून घेतो. तीन, मी ज्याला 'हाँगकाँगमधल्या तरुणांचं रोजचं जगणं' म्हटलं, त्यात भारतीय माणसं फक्त चोरटा माल वाहणारी आहेत, आणि त्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

पहिला आक्षेप मला पटत नाही. सुरुवातीला पोलीस क्रमांक २२३ गर्दीतून पळताना सोनेरी केसांचा टोप घातलेल्या एका बाईला धडकतो. आमच्यात ०.०१ सेंटिमीटरचं अंतर होतं, असं तो सांगतो, आणि ५७ तासांनी मी तिच्या प्रेमात पडलो. पुढे 'मिडनाइट एक्सप्रेस' या खाण्याच्या ठेल्यावर तो तसाच फे नावाच्या मुलीच्या अंगावर जातो. अंतर पुन्हा तेवढंच. पण सहा तासांनी ती दुसऱ्याच्या प्रेमात पडली, एवढं सांगून तो सिनेमातून निघून जातो, तो कायमचाच. ही कथा दिग्दर्शकाने टाकून दिलेली नाही, ती २२३ च्या हातून निसटली आहे. फेची कथा त्याचीही होऊ शकली असती. ती त्याला घासून गेली आणि त्याला पत्ताही लागला नाही. पहिला भाग पुन्हा पाहा. टोपवाली बाई खेळण्यांच्या दुकानाबाहेर असते आणि दुकानातून एक मुलगी मोठं बाहुलं घेऊन बाहेर पडते. ती फे असते. पहिल्या वेळी तिच्याकडे लक्ष जायचं काही कारणच नसतं, आणि माझ्या मते तिथेच दोन्ही कथांचा सांधा आहे.

सिनेमा घाईत झाला, हे खरं. वाँगचा 'अॅशेस ऑफ टाइम' हा दुसरा सिनेमा लांबत चालला होता, त्यातून मिळालेल्या मोकळ्या वेळात वाँगने हा उरकला. कथा मुळात तीन होत्या, तिसरी १९९५ च्या 'फॉलन एंजल्स'मध्ये गेली. पण त्या घाईने सिनेमाचं भलंच झालं असं मला वाटतं. आणि 'काहीच घडत नाही' म्हणाल, तर हॉटेलच्या खोलीतली ती रात्र आठवा. बाई दमून झोपी गेली आहे. २२३ टीव्हीवर जुने सिनेमे बघत सॅलड खात बसतो, पहाटे तिचे बूट काढतो आणि स्वतःच्या टायने पुसून ठेवतो. सकाळी तो एकटा धावत असताना पेजरवर तिचा वाढदिवसाचा निरोप येतो. ३० एप्रिलच्या रात्री अननसाचे ३० डबे एकट्याने संपवलेल्या मुलासाठी तो निरोप फार मोठी गोष्ट आहे. डब्यांवरची १ मे ही मुदत संपण्याची तारीख म्हणजे १९९७ चं, हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे गेलं तेव्हाचं सत्तांतर, असा अर्थ पुष्कळजण लावतात. तो चूक नसेल, पण मला त्याचा आधार घ्यायचा नाही. मे नावाच्या मुलीने सोडलेल्या पोराचं दुःख तेवढ्यावरही पुरेसं खरं आहे.

दुसऱ्या आक्षेपावर थोडंच लिहिते. दुसऱ्या कथेतला पोलीस क्रमांक ६६३, ज्याच्या प्रेमात फे पडते, तो झिजलेल्या साबणाला 'किती वाळलास' म्हणतो, पण घरातला साबण कुणीतरी बदलला हे त्याला उमगत नाही. फे सरकत्या जिन्यावरून वाकून त्याच्या खिडकीत डोकावते, त्याच्या घराची किल्ली स्वतःजवळ ठेवते, घर हळूहळू बदलते. हे अयोग्यच आहे. फेच्या जागी पुरुष असता तर मला भीती वाटली असती, हे मी लेखात लिहायला हवं होतं. तरी ती मला आवडते, आणि ते मी लपवणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला लागला, कारण तो खरा आहे. पहिली कथा जिथे घडते ती चुंगकिंग मॅन्शन्स ही हाँगकाँगच्या नाथन रोडवरची १७ मजली इमारत. तिथून जवळच मोदी रोड आहे. हाँगकाँग विद्यापीठासाठी मोठी देणगी देणाऱ्या होर्मसजी मोदी या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याचं नाव त्या रस्त्याला आहे. म्हणजे आपली माणसं त्या शहरात पिढ्यान् पिढ्या आहेत. सिनेमात ती टोपवाल्या बाईसाठी बुटांच्या टाचांत, कपड्यांत अमली पदार्थांचा माल लपवतात, विमानतळावरून पसार होतात आणि पुढे बंदुकीच्या गोळ्या खातात. २२३ त्या बाईला 'अननस आवडतो का' हे चार भाषांत विचारतो. या माणसांना असा साधा प्रश्न कुणी एकाही भाषेत विचारत नाही. प्रत्येक एकट्या जिवाला मनातलं बोलू देणारा हा सिनेमा त्यांना गर्दीतच ठेवतो. अनेकदा पाहूनही हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण माझे डोळे टोपवाल्या बाईच्या मागे धावत होते.

एकच जागा वेगळी आहे. पळालेल्या लोकांचा माग काढायला ती बाई एका भारतीय माणसाच्या लहान मुलीला उचलून नेते आणि आईस्क्रीम खाऊ घालत बसते. मुलगी मजेत खाते आहे, बाप हवालदिल आहे. त्या बापाबद्दल मी माझ्या लेखात एक ओळही लिहिली नव्हती. आज रात्री तो परिच्छेद जोडते आहे.