ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नका: 'चूल बंद, आजार बंद' या मेसेजला उत्तर

सोलापुरात भिशीच्या, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मथळा आहे 'चूल बंद, आजार बंद'. शिजवलेलं अन्न मेलेलं आणि मोड आलेलं कच्चं धान्य जिवंत, म्हणून २१ दिवस फक्त मोड आलेली कडधान्यं आणि धान्यं कच्ची खा, असं त्यात सांगितलं आहे. मोड आले की प्रथिनं दहापट होतात, बी१२ मिळतं, सेंद्रिय धान्य असेल तर जंतूंची भीती नाही, राजमा आणि सोयाबीनसुद्धा मोड आल्यावर कच्चे चालतात, असे दावे एकामागून एक येतात. शेवटी ज्वारीचे बोटभर कोंब मिक्सरमध्ये वाटून त्याचा रस घरातल्या सगळ्यांनी, लहान मुलांनीही रोज उपाशीपोटी प्यायचा, असा सल्ला आहे.

हा सल्ला मेसेजच्या तळाशी असला, तरी उत्तराची सुरुवात मी त्याच्यापासून करते, कारण बाकीचे दावे चुकीचे आहेत, हा मात्र जिवावर बेतू शकतो.

ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं. कोरड्या, पक्व दाण्यात ते जवळजवळ नसतं, म्हणून भाकरीला काहीच धोका नाही. दाणा उगवायला लागला की कोंबात ते झपाट्याने तयार होतं. कोंबाच्या पेशींमध्ये धुरिन एकीकडे आणि ते फोडणारं एन्झाइम दुसरीकडे असतं. कोंब चावला, चिरडला किंवा मिक्सरमध्ये फिरवला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. म्हणजे मेसेजमध्ये रस काढायची जी कृती दिली आहे, तीच विष मोकळं करण्याची कृती आहे. सायनाइडची घातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण ०.५ ते ३.५ मिलिग्रॅम धरली जाते. पंधरा किलोच्या मुलाला किती थोडं पुरेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

'ज्वारी आपली आहे, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेली आहे, तिच्यात अपाय कसला?' असं मेसेज विचारतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, रब्बी ज्वारीवर संशोधन करणारं केंद्र आपल्या सोलापुरातच आहे. तेव्हा ज्वारीचा अभिमान मलाही आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्वारीचं खाल्लं काय? भाकरी, कण्या, लाह्या, आंबील. हुरडासुद्धा कणसातला दुधाळ दाणा असतो, उगवलेला कोंब नसतो, आणि तोही आगटीत भाजूनच हातावर चोळला जातो. ज्वारीचे कोंब खायची रीत आपल्या कुठल्याच घरात नव्हती. उलट कोवळ्या ज्वारीत जनावर शिरू नये म्हणून गावाकडे डोळ्यात तेल घालून राखण करतात. गुडघ्याएवढी न झालेली, पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर आलेले फुटवे पोटभर खाल्ले, तर धडधाकट बैल तासाभरात आडवा होतो. डॉक्टर वेळेत पोचून सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन देऊ शकले तर वाचतो. ज्याच्या घरी गुरं आहेत अशा कुणालाही हे विचारून पाहा. बैलाला जे देत नाही, ते नातवाला पेल्यातून द्यायचं?

ही चूक कुठून आली असावी, याचा मला अंदाज आहे. गव्हांकुरांच्या रसाचं वेड अमेरिकेतून आलं. बोस्टनमध्ये अ‍ॅन विग्मोर यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मोड, कोंब आणि कच्चा आहार यांचा मोठा प्रचार केला. त्यांच्याकडे गहू होता आणि गव्हाच्या कोंबात धुरिन नसतं. सोलापुरापर्यंत येताना कुणीतरी 'आपलं धान्य घ्या' म्हणून गव्हाच्या जागी ज्वारी घातली. हेतू चांगलाच असेल, पण झाडं वेगळी आहेत. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून माल्ट करतात हे खरं आहे. तिथेही मोड वाळवतात, कोंब आणि मुळं चोळून काढून टाकतात, दळतात आणि मग ते पीठ शिजवतात. घरच्या चाळणीत हे सगळं नीट जमवण्याच्या भानगडीत पडू नये. ज्वारीला खाण्यासाठी मोड आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी हा रस प्यायला असेल आणि डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, धाप लागणं असं काही होत असेल, तर लिंबूपाणी देत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि ज्वारीच्या कोंबांचा रस पोटात गेला आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

आता 'सेंद्रिय असेल तर जंतूंची भीती नाही' हा दावा. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले, शेकडोंची मूत्रपिंडं निकामी व्हायला आली. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. शेवटी माग लागला तो मेथीच्या बियांचा. त्या इजिप्तहून आलेल्या होत्या आणि मोड आणले होते जर्मनीतल्याच एका सेंद्रिय शेतावर. मोड आलेली मेथी आपल्या मेसेजमध्ये 'रोज एक वाटी' म्हणून सांगितली आहे.

जंतू बियांच्या सालीतल्या बारीक भेगांत बसलेले असतात, ते वरवर धुऊन निघत नाहीत. बीला उगवायला ऊब आणि ओल लागते आणि जंतूंना वाढायलाही नेमकं तेच लागतं. फडक्यात बांधलेली मटकी चोवीस तास ऊबदार जागी असते, तेवढ्यात थोड्या जंतूंचे कोट्यवधी होतात. आपल्याकडे तर नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड आलेलं पाणी आपण पिंपात, बॅरलमध्ये भरून ठेवतो आणि त्यातलंच मटकी भिजवायला घेतो. वर एप्रिल-मेमधला सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या पुढे. बांधलेली मटकी सकाळी हाताला बुळबुळीत लागते आणि तिला आंबूस वास येतो, हे घरोघरी माहीत आहे. 'वास आला तर दोनदा धुऊन घ्या' असं मेसेज म्हणतो. तसं करू नका, टाकून द्या. शिवाय साल्मोनेला किंवा ई. कोलाय असले तरी वास येईलच असं नाही. कच्चे मोड गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांनी टाळावेत, असा सल्ला अनेक देशांच्या अन्नसुरक्षा यंत्रणा देतात, तो याच कारणासाठी. उसळ रटरट शिजली की हा सगळा प्रश्न मिटतो.

राजमा कच्चा? अजिबात नाही. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं एक प्रथिन, भरपूर असतं आणि चार-पाच कच्च्या दाण्यांनीही एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. मोड आल्याने ते पुरेसं कमी होत नाही. मंद आचेवर, उकळी न येता शिजलेला राजमा तर कच्च्याहून जास्त बाधू शकतो. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या घेतल्या की काम झालं. सोयाबीनचंही तसंच, त्यातली प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं उष्णतेनेच नीट मोडतात.

प्रथिनं दहापट होतात हा दावा शेती जाणणाऱ्याला तरी पटायला नको. प्रथिनाला नत्र (नायट्रोजन) लागतं. आपण मुगाला फक्त पाणी देतो. पाण्यातून नत्र कुठून येणार? शंभर ग्रॅम कोरड्या मुगात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. लांब मोड आलेल्या मुगाच्या शंभर ग्रॅममध्ये ती तीनच ग्रॅमच्या आसपास भरतात, कारण उरलेलं बहुतेक पाणी असतं. घरचे आखूड मोड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. एका वाटीच्या अडीच-तीन वाट्या झाल्या की जास्त वाटतं, पण प्रथिनं तेवढीच असतात. बी१२ तर कुठल्याच वनस्पतीत तयार होत नाही. शाकाहारी घरांत हा दावा विशेष नुकसान करतो, कारण माणूस निर्धास्त होतो आणि हातापायांना मुंग्या येईपर्यंत तपासणीच करत नाही. दूध-दही किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी, हेच मार्ग आहेत.

कच्च्या मोडांतली 'जिवंत' एन्झाइमं आपलं अन्न पचवतात, असाही मेसेजचा सूर आहे. पण मुगातली एन्झाइमं मुगाच्या कामाची असतात. दाण्यात साठवलेला स्टार्च मोडून कोंबाला पुरवणं हे त्यांचं काम. आपल्या जठरातल्या तीव्र आम्लात त्यांची बहुतेक वाट लागते आणि इतर प्रथिनांसारखी तीही पचून जातात. आपल्याला लागणारे पाचकरस आपलं शरीर स्वतः तयार करतं.

मेसेजमधलं जे खरं आहे, तेही सांगते. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नावालाच असतं, मोड आल्यावर ते तयार होतं. लोह, जस्त अडवून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं. पोटात वायू धरणाऱ्या साखराही कमी होतात, म्हणून नुसत्या भिजवलेल्या मटकीपेक्षा मोड आलेली मटकी कमी बाधते. शिजवताना क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो हे खरं, पण तो भरून काढायला अर्धं लिंबू पुरतं. गॅस बंद केल्यावर उसळीवर पिळायचं, आधी नाही. थंडीत पेरू खाल्ला तर मोडांच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व त्यातच मिळतं.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये ओझरती आहे: 'बियाण्याच्या दुकानातलं बी घ्या, शंभर टक्के उगवतं.' पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ज्वारीच्या बियाण्याला काणी रोगासाठी गंधक लावतात. ते खाण्यासाठी नसतंच. मोड आणायला किराणा दुकानातली मटकी, मूग, हुलगे घ्या. आठ-दहा तास भिजवा, प्यायच्या पाण्याने धुवा, स्वच्छ सुती फडक्यात बांधा. उन्हाळ्यात एका रात्रीत आखूड मोड येतात, तेवढे बस. लगेच शिजवायचे नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा. कोशिंबिरीत घालायचेच असतील तर आतपर्यंत गरम होतील असे वाफवून घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या २१ दिवसांत सुटतात, या वाक्यावर विश्वास ठेवून कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर आजच पुन्हा डॉक्टरांना भेटा. उसळीमुळे साखर हळू चढते, तेवढा फायदा नक्की आहे. गोळी कमी करायची की नाही, हे रक्ततपासणी बघून डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर कडधान्याचं प्रमाणही विचारूनच ठेवावं, कारण त्यात पोटॅशियम असतं.

लहान मुलांना मोडांचं काही द्यायचंच असेल, तर नाचणीचं सत्त्व द्या. नाचणी धुऊन भिजवायची, मोड आणायचे, सावलीत कडकडीत वाळवायची, मंद भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. एक-दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून, गुठळ्या मोडत, गॅसवर सात-आठ मिनिटं शिजवायचं. मोड आल्यामुळे ते साध्या पिठापेक्षा पातळ राहतं, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येतं आणि छोट्या पोटात जास्त अन्न जातं.