वॉशिंग्टनचे सहायक प्रशिक्षक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य होणार नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहीत आहे. मूळ लेखात मी असे म्हटले होते की, डॅन स्नायडर यांच्या मालकीच्या काळात, म्हणजे १९९९ ते २०२३ या वर्षांत, वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाला नामवंत सहायक प्रशिक्षक मिळवणे आणि टिकवणे कठीण गेले, आणि त्याचे मूळ संघाच्या वरच्या कारभारात होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. सहायक प्रशिक्षक हे पगारी व्यावसायिक असतात, त्यामुळे जो जास्त मोजेल त्याच्याकडे ते जातात, हा पहिला. हरणाऱ्या संघाकडे यायला कोणीही कचरतो, त्यात मालकाला दोष देणे ही पळवाट आहे, हा दुसरा. आणि याच संघात मुख्य प्रशिक्षक माइक शॅनहान यांच्या काळात काइल शॅनहान, शॉन मॅक्वे, मॅट लाफ्लूर आणि माइक मॅक्डॅनियल असे चौघे एकाच वेळी होते, तेव्हा माझे विधान मुळातच खोटे ठरते, हा तिसरा. तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. त्याकडे मी शेवटी येतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे दिल्याशिवाय त्याचा अर्थ नीट लागणार नाही.

पैशाबद्दल आपण म्हणता ते वॉशिंग्टनच्या मालकांनाही पटलेले होते. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा असते, प्रशिक्षकांच्या पगारावर नसते. त्यामुळे श्रीमंत मालकाला इथे हात मोकळा असतो, आणि स्नायडर यांनी तो मोकळा सोडलाही. मुख्य प्रशिक्षक जो गिब्ज २००४ मध्ये निवृत्तीतून परतले तेव्हा बचावाची सूत्रे ग्रेग विल्यम्स यांच्याकडे देण्यात आली, आणि २००६ मध्ये आक्रमणासाठी कॅन्सस सिटीहून अल साँडर्स यांना आणले गेले. साँडर्स यांच्या सुमारे सातशे पानांच्या प्लेबुकची (खेळींच्या आराखड्यांच्या वहीची) तेव्हा सगळीकडे चर्चा होती. दोघेही आपापल्या कामातले वरच्या फळीतले होते. म्हणजे पैसा टाकला की माणूस येतो, इथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु आलेल्या माणसाला काम करण्याजोगी घडी मिळते की नाही, हा प्रश्न पुढचा असतो, आणि दुसऱ्या वेळी बोलावणे पाठवल्यावर कोण येते हे त्याच्या उत्तरावर ठरते.

इथे जानेवारी २००८ चा प्रसंग थोडा विस्ताराने सांगावा लागेल, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तोच आहे. गिब्ज यांनी राजीनामा दिल्यावर मुख्य प्रशिक्षकपदासाठी विल्यम्स यांच्या अनेक मुलाखती झाल्या. चार वर्षे त्याच इमारतीत काम केलेल्या माणसाला इतक्यांदा बोलावल्यावर पद मिळणार असा सर्वांचा समज झाला होता, पण शेवटी त्यांना आणि साँडर्स यांनाही निरोप देण्यात आला. त्यानंतर जे घडले ते या लीगमध्ये क्वचितच घडते. मुख्य प्रशिक्षक ठरलेला नसतानाच संघाने जिम झॉर्न यांना आक्रमणाचे कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या बाजूची आखणी पाहणारे प्रमुख सहायक, म्हणून नेमले आणि ग्रेग ब्लाश यांना बचावाचे. वर निश्चित होण्याआधीच वऱ्हाड ठरवून टाकावे तसे हे झाले. सामान्यतः मुख्य प्रशिक्षक आपले सहायक आपण निवडतो, कारण खेळाची पद्धत त्याची असते आणि ती मैदानात उतरवणारी माणसे त्याच्या विश्वासातली असावी लागतात. पदासाठी चर्चेत असलेल्यांपैकी स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी नुकतेच न्यूयॉर्क जायंट्सच्या बचावाच्या बळावर सुपर बाउलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडला १७-१४ असे रोखले होते. त्यांनी उमेदवारी मागे घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये कोऑर्डिनेटर म्हणूनच राहणे पसंत केले. मुख्य प्रशिक्षकाची बढती सोडून सहायकपदावर राहणे हा निर्णय केवळ पगाराच्या हिशेबाने समजत नाही. अखेर फेब्रुवारीत झॉर्न यांनाच मुख्य प्रशिक्षक करण्यात आले. त्याआधी एनएफएलमध्ये त्यांनी कोऑर्डिनेटर म्हणून एकही हंगाम काढलेला नव्हता.

पुढच्याच वर्षी याची परिणती दिसली. ऑक्टोबर २००९ मध्ये संघ हरत असताना वरून शर्मन लुइस यांना सल्लागार म्हणून बोलावण्यात आले, आणि कॅन्सस सिटीकडून झालेल्या पराभवानंतर कोणती खेळी खेळायची हे ठरवण्याचा अधिकार झॉर्न यांच्याकडून काढून लुइस यांना दिला गेला. लुइस हे बिल वॉल्श यांच्या हाताखाली सॅन फ्रान्सिस्कोत आणि पुढे ग्रीन बेमध्ये काम केलेले आदरणीय प्रशिक्षक, त्यांच्याविषयी एक शब्दही वावगा लिहिण्याचे कारण नाही. पण ते निवृत्त होते, मिशिगनमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात बिंगोचे आकडे पुकारत होते, आणि संघातल्या खेळाडूंशी त्यांची आधीची ओळख नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये झॉर्न पदावर असतानाच त्यांचे सहायक जेरी ग्रे यांची मुख्य प्रशिक्षकपदासाठी मुलाखत झाली. अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेणे २००३ पासूनच्या रूनी नियमामुळे बंधनकारक होते, आणि माइक शॅनहान यांची वाट मोकळी व्हावी म्हणून ती मुलाखत उरकली गेली, असे तेव्हा उघडपणे लिहिले गेले. हंगाम ४-१२ (चार विजय, बारा पराभव) असा संपला आणि दुसऱ्याच दिवशी झॉर्न गेले.

आता आपण एखाद्या चांगल्या सहायकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्याचा करार साधारणपणे दोन-तीन वर्षांचा असतो. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याच्याबरोबर बहुतेक सगळा ताफा जातो. घर फिरले की वासेही फिरतात, हे या व्यवसायात अक्षरशः घडते. उरलेल्या कराराचे पैसे बहुधा मिळतात, म्हणून आपण म्हणता तसा त्याला उपासमारीचा धोका नसतो. परंतु पुढची नोकरी त्याला शेवटच्या दोन हंगामांच्या आकड्यांवर मिळणार असते, आणि ते आकडे जर त्याने न निवडलेल्या माणसांच्या, अधिकार काढून घेतलेल्या वरिष्ठाच्या आणि आठवड्याला बदलणाऱ्या योजनेच्या असतील, तर ते डाग घेऊन त्याला पुढे फिरावे लागते. शिवाय प्रत्येक बदलीत मुलांची शाळा बदलते. व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला संघाचे मुख्यालय आहे, मी तिथून जवळच राहतो. या लाउडन परगण्यात आपल्याकडची कुटुंबे आता इतकी आहेत की शाळेच्या आवारात मराठी सहज कानावर पडते, आणि नोकरीसाठी गाव बदलणे म्हणजे काय हे आम्हा सर्वांना चांगले ठाऊक आहे.

हरणाऱ्या संघाकडे कोणीच येत नाही, हा आपला दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. लॉस एंजेलिस रॅम्सचा २०१६ चा हंगाम ४-१२ असा गेला होता. त्यांनी जानेवारी २०१७ मध्ये तीस वर्षांच्या शॉन मॅक्वे यांना मुख्य प्रशिक्षक केले, आणि त्या तरुणाच्या हाताखाली काम करायला एकोणसत्तर वर्षांचे वेड फिलिप्स आले. डेन्व्हरला पन्नासावा सुपर बाउल जिंकून देणारा बचाव ज्यांनी बांधला, तेच हे फिलिप्स. पराभवांची संख्या तीच, पण नव्या प्रशिक्षकाला वेळ मिळणार आणि बचावात कोणी लुडबुड करणार नाही, याची खात्री तिथे होती. वॉशिंग्टनने तर २०२३ चा हंगाम ४-१३ असा संपवला होता. तरी जोश हॅरिस यांच्या नव्या मालकीत, महाव्यवस्थापक ॲडम पीटर्स आणि मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांच्या नेमणुकीनंतर, क्लिफ किंग्सबरी आक्रमणाचे कोऑर्डिनेटर म्हणून आले आणि २०२४ च्या हंगामात संघ १२-५ अशा कामगिरीसह कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेला. पहिल्याच वर्षी जेडन डॅनियल्ससारखा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) हाती लागला हेही त्याचे मोठे कारण होते, हे मी नाकारत नाही.

याच्या उलट जानेवारी २०१९ पाहावा. मुख्य प्रशिक्षक जे ग्रुडेन यांची खुर्ची डळमळीत होती, बचावाचे कोऑर्डिनेटर ग्रेग मनस्की अजून पदावरच होते, आणि त्यांच्याच जागेसाठी संघ टॉड बोल्स, ग्रेग विल्यम्स व स्टीव्ह विल्क्स यांच्याशी बोलत असल्याच्या बातम्या आल्या. पदावरचा माणूस खोलीत असताना त्याच्या खुर्चीची बोलणी चालावीत, हे मला तेव्हाही खटकले होते. बोल्स टॅम्पाला, विल्यम्स न्यूयॉर्क जेट्सकडे आणि विल्क्स क्लीव्हलंडला गेले. मनस्की राहिले. पहिले पाचही सामने हरल्यावर ऑक्टोबरमध्ये ग्रुडेन यांना काढण्यात आले. बोल्स हे या संघाचे जुने खेळाडू, १९८७ च्या हंगामातील सुपर बाउल विजेत्या चमूतले, तरी ते आले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. टॅम्पात त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बाउल जिंकला आणि पुढे ते तिथलेच मुख्य प्रशिक्षक झाले. मात्र इथे आपल्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. टॅम्पाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ब्रूस एरियन्स हे बोल्स यांचे टेम्पल विद्यापीठातले गुरू होते, त्यामुळे वॉशिंग्टनचा कारभार कितीही चोख असता तरी ते कदाचित तिकडेच गेले असते. तसेच नव्या मालकांच्या काळातही, जानेवारी २०२४ मध्ये, संघाची मंडळी मुख्य प्रशिक्षकपदाच्या मुलाखतीसाठी डेट्रॉइटकडे निघालेली असतानाच तिथले आक्रमणाचे कोऑर्डिनेटर बेन जॉन्सन यांनी आपण कोऑर्डिनेटर म्हणून तिथेच राहणार असल्याचे कळवले. प्रत्येक नकार मालकाच्या खात्यावर टाकता येत नाही, हे मूळ लेखात मी लिहायला हवे होते.

आता शॅनहान यांच्या काळाविषयी. आपण दिलेली चारही नावे बरोबर आहेत, आणि त्यांत रहीम मॉरिस यांचेही नाव घालावे लागेल. पण हे लोक आले कसे हे पाहिले की माझ्या म्हणण्याला बळच मिळते, असे मला वाटते. माइक शॅनहान २०१० मध्ये आले तेच मुख्य प्रशिक्षक आणि कार्यकारी उपाध्यक्ष अशा दोन्ही पदांसह, म्हणजे सहायक निवडण्याचा अधिकार घेऊनच. काइल त्यांचे चिरंजीव; मॅक्वे तेव्हा चोवीस वर्षांचे, टाइट एंड या जागेवरील खेळाडूंच्या प्रशिक्षकाचे साहाय्यक; लाफ्लूर आणि मॅक्डॅनियल हेही बाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. नामवंत म्हणून या चौघांना कोणी ओढून आणले नव्हते, ते इथे घडले, आणि घडले याचे श्रेय त्या खोलीतल्या विश्वासाला जाते. परंतु २०१३ चा हंगाम ३-१३ असा संपताच शॅनहान गेले आणि चौघांपैकी एकटे मॅक्वे उरले. तेही ग्रुडेन यांनी त्यांना कोऑर्डिनेटर केले म्हणून. पुढे चौघेही मुख्य प्रशिक्षक झाले, दुसऱ्या शहरांत. या संघावर प्रेम करणाऱ्या माणसाला ही हानी सगळ्या पराभवांपेक्षा अधिक जाचते.

तरीही ‘स्नायडर यांच्या काळात वॉशिंग्टनला गुणी सहायक मिळाले नाहीत’ हे माझे वाक्य चुकीचे होते, आणि ते आपण दाखवून दिल्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. मूळ लेखात आज मी ते असे बदलले आहे : ‘स्नायडर यांच्या काळात वॉशिंग्टनला गुणी सहायक मिळाले ते मुख्य प्रशिक्षकाच्या हाती अधिकार होता तेव्हा, आणि तो अधिकार गेला त्या वेळी ते थांबले नाहीत.’