डॅनिएल बून एकांडा शिलेदार नव्हता

अमेरिकेच्या सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांविषयी जो मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हापुन्हा फिरतो, त्यात अठराव्या शतकातला शिकारी आणि वाटाड्या डॅनिएल बून याचे नाव हमखास असते. त्या मजकुराचा आशय असा: केंटकीचा (आज अमेरिकेतले एक राज्य) शोध बूनने एकट्याने लावला, तो निरक्षर होता आणि रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी घालून हिंडे, मूलनिवासींचा तो हाडवैरी होता आणि त्याने त्यांची शेकडो माणसे मारली, आणि शेजाऱ्याच्या चुलीचा धूर दिसू लागला की तो बायकोमुलांची पर्वा न करता पुढच्या अरण्यात निघून जाई. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही. शेवटचा मुद्दा तर एका अख्ख्या कुटुंबावर अन्याय करणारा आहे, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेणे मला आवश्यक वाटते.

आधी ‘शोधा’विषयी. केंटकीची भूमी शॉनी, चेरोकी आणि इतर मूलनिवासी लोकांच्या शिकारीची आणि वावराची होती. आजच्या क्लार्क काउंटीच्या परिसरात एस्किप्पाकिथिकी नावाचे शॉनींचे नांदते गाव होते. गोऱ्या माणसांपुरतेच बोलायचे, तरी डॉ. थॉमस वॉकर 1750 मध्ये ॲपलाचियन डोंगरातली कंबरलँड खिंड ओलांडून तिकडे जाऊन आला होता आणि पाठोपाठ 1751 मध्ये ओहायो कंपनी या जमिनींचा व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या वतीने ख्रिस्तोफर गिस्ट याने त्या प्रदेशाची पाहणी केली होती. बूनला केंटकीची ओढ लावली ती जॉन फिंडले या व्यापाऱ्याने. 1755 मध्ये ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फ्रेंचांविरुद्धच्या फसलेल्या मोहिमेत बून गाडीवान होता, तेथे दोघांची गाठ पडली. मे 1769 मध्ये बून खिंडीतून पलीकडे गेला, तेव्हा हाच फिंडले त्याच्यासोबत होता आणि खिंडीतली वाट मूलनिवासींच्या पायांनी कित्येक पिढ्यांपासून मळलेली होती. बूनचे खरे काम वेगळे आहे: मार्च 1775 मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या जमीन-कंपनीसाठी सुमारे तीस माणसे घेऊन त्याने झाडे तोडून ती वाट वाहती केली आणि केंटकी नदीकाठी बूनसबरोची गढी उभारली. या टोळीतही त्याची नवविवाहित मुलगी सुझॅना आणि तिचा नवरा होते. ‘शोधक’ ही उपाधी त्याला चिकटली ती मुख्यतः जॉन फिल्सन याच्या 1784 च्या पुस्तकामुळे. ते पुस्तक केंटकीची ओळख करून देणारे आणि तेथील जमिनींकडे लोकांना आकर्षित करणारे होते.

टोपीचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. बून बीव्हरच्या लोकरीपासून केलेली रुंद काठाची फेल्ट टोपी वापरत असे. कातड्याची टोपी त्याला गावंढळ वाटे. शेपटीवाली टोपी त्याच्या डोक्यावर घट्ट बसवली ती विसाव्या शतकातल्या दूरचित्रवाणी मालिकेने. निरक्षरतेचा आरोपही असाच पोकळ आहे. त्याचे शुद्धलेखन स्वैर होते, पण त्याने पत्रे लिहिली, हिशेब ठेवले, जमिनींच्या मोजण्या नोंदवल्या आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर तो एकापेक्षा अधिक वेळा निवडून गेला. 1770 च्या शिकारीत त्याच्या सामानात ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ची प्रत होती. संध्याकाळी तळावर तिचे वाचन चाले आणि त्या कथेतल्या एका नगराच्या नावावरूनच जवळच्या ओढ्याला ‘लुलबेग्रुड’ हे नाव पडले. ते आजही नकाशावर आहे. ‘अमुक साली बूनने येथे अस्वल मारले’ असे झाडांवर कोरलेले जे लेख दाखवले जातात, त्यांपैकी अनेकांत आडनावाचे शेवटचे अक्षर गाळलेले असते. तो स्वतः सही करताना ते अक्षर लिहीत असे.

मूलनिवासींचा हाडवैरी या आरोपाबाबत मात्र सावधपणे बोलले पाहिजे, कारण येथे उलट टोकाला जाणेही खोटेपणाचेच होईल. बून शॉनींविरुद्ध लढला, 1782 च्या अखेरीस त्यांची गावे जाळणाऱ्या मोहिमेत तो होता, आणि ज्या वसाहतीचा तो वाटाड्या होता ती मुळात शॉनींच्या संमतीवाचून उभी राहिलेली होती. ब्रिटिशांशी झालेल्या 1768 च्या फोर्ट स्टॅनविक्स करारात केंटकी सोडून देणारे इरोक्वाय हे दुसरे मूलनिवासी लोक होते आणि हेंडरसनशी झालेल्या 1775 च्या सिकॅमोर शोल्सच्या व्यवहारात चेरोकी. शॉनींना कोणी विचारलेच नाही. परंतु शेकडो बळींची कथा त्याच्या घरच्यांनीच खोडून काढली आहे. 1851 मध्ये नेथन या धाकट्या मुलाने आणि त्याची पत्नी ऑलिव्ह हिने इतिहाससंग्राहक लायमन ड्रेपर याला ज्या दीर्घ मुलाखती दिल्या, त्यांत फुशारकीचा मागमूस नाही. फेब्रुवारी 1778 मध्ये मीठ करायला गेलेल्या टोळीसह बून पकडला गेला, तेव्हा शॉनी प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून घरात घेतले आणि ‘शेल्टोवी’, म्हणजे मोठा कासव, हे नाव दिले. जूनमध्ये बूनसबरोवर हल्ला होणार असे कळताच तो निसटला आणि सुमारे 160 मैल तुडवत गढीवर परतला. शॉनींमध्ये तो इतका रुळला होता की त्याच्यावर फितुरीचा ठपका ठेवून लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. त्यातून तो निर्दोष सुटला आणि मेजर झाला. आरोप करणाऱ्यांत रिचर्ड कॅलवे होता, ज्याच्या दोन मुलींना बूनने दोनच वर्षांपूर्वी सोडवून आणले होते.

ही सुटकेची हकीकत कुटुंबाच्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. 14 जुलै 1776 रोजी बूनची तेरा वर्षांची मुलगी जमायमा आणि कॅलवेंच्या बेट्सी व फॅनी या मुली होडीतून नदीवर गेल्या असता शॉनी आणि चेरोकींच्या टोळीने त्यांना धरून नेले. मुली रडत बसल्या नाहीत. त्यांनी वाटेत डहाळ्या मोडल्या, टाचा रुतवून ओल्या मातीत ठसे ठेवले, कपड्यांच्या चिंध्या फाडून टाकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पळवणारे शिजवण्याच्या तयारीत असताना शोधपथकाने त्यांना गाठले. या पथकात जमायमाचा पुढे नवरा झालेला फ्लँडर्स कॅलवेही होता. ज्या माणसाला घरच्यांचे सोयरसुतक नव्हते असे सांगितले जाते, त्याची ही कथा आहे.

रिबेका ब्रायन हिच्याशी बूनचे लग्न 14 ऑगस्ट 1756 रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या यॅडकिन खोऱ्यात झाले. ती सतरा वर्षांची होती आणि संसाराच्या प्रारंभीच बूनच्या दिवंगत भावाची दोन पोरकी मुले तिच्या पदरात आली. पुढे तिला स्वतःची दहा मुले झाली आणि आपल्या विधुर भावाची सहा मुलेही तिनेच सांभाळली. नवरा महिनोन्महिने, एकदा तर दोन वर्षे, शिकारीला असे हे खरे आहे. पण हरणाची कातडी विकूनच घर चालत होते आणि शेती, जनावरे, सूतकताई, बाळंतपणे हे सगळे रिबेकाच्या खांद्यावर होते. 1778 मध्ये नवरा मेला असे समजून ती मुलांसह माहेरच्या मुलखात परत गेली. गढीत मागे राहिली ती जमायमा. दोन मुलगे तिने या स्थलांतरात गमावले: थोरला जेम्स 10 ऑक्टोबर 1773 रोजी पॉवेल खोऱ्यात छळ करून मारला गेला आणि इझ्रायल 19 ऑगस्ट 1782 रोजी ब्लू लिक्सच्या लढाईत बापाच्या डोळ्यांदेखत पडला. एकांड्या वीराची गोष्ट सांगणारे रिबेकाचे नावही घेत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. त्याच गोष्टीतून बूनच्या घरी राबणारे गुलामही गाळले जातात. बून स्वतः गुलामांचा मालक होता.

राहता राहिली शेजाऱ्यांना कंटाळून पळण्याची गोष्ट. बून मंडळी जेथे गेली तेथे भाऊ, मेहुणे, जावई, व्याही असा गोतावळा घेऊनच गेली. डॅनिएलचा बाप स्क्वायर पेनसिल्व्हेनियात विणकर आणि लोहार होता. दोन मुलांनी क्वेकर पंथाबाहेर लग्ने केली म्हणून त्या समाजाशी त्याचे बिनसले आणि 1750 मध्ये तोही सगळे कुटुंब घेऊन दक्षिणेकडे निघाला. डॅनिएलला केंटकीतून हलवले ते गर्दीने नव्हे, जमिनीच्या दाव्यांनी. व्हर्जिनियाच्या 1779 च्या कायद्याखाली जो तो आपली हद्द स्वतःच सांगे, त्यामुळे कौलारू छपरावर कौले एकमेकांवर चढावीत तसे दावे एकमेकांवर चढले. बून मोजणीदारही होता आणि जमिनींचा व्यापारही करत होता. सदोष मोजण्या, विकलेल्या जमिनींच्या हक्कांवरून आलेले दावे आणि थकलेले कर यांत तो बुडाला. 1798 मध्ये केंटकीने एका काउंटीला त्याचे नाव दिले. त्याच वर्षी थकलेल्या करांपायी त्याची दहा हजार एकरांहून अधिक जमीन विकली गेली.

1799 मध्ये तो स्पॅनिश अमलाखालच्या मिसुरीत गेला, तोही एकटा नव्हे. डॅनिएल मॉर्गन हा मुलगा आधीच तेथे पोहोचला होता आणि रिबेका, जमायमा, सुझॅना, नेथन व त्यांची घरे सोबत निघाली. शेजाऱ्यांपासून दूर पळणारा म्हणवणाऱ्या या माणसाला स्पॅनिश सरकारने 1800 मध्ये फेम ओसाज वस्तीचा न्यायदाता नेमले आणि शेजाऱ्यांची भांडणे मिटवण्याचे काम त्याने काही वर्षे केले. अमेरिकेने 1803 मध्ये तो प्रदेश विकत घेतल्यावर त्याचे तिथले हक्कही अमान्य झाले. अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) 1814 मध्ये थोडी जमीन परत दिली, तोवर रिबेका 1813 मध्येच गेली होती, आणि ती जमीनही त्याने केंटकीतल्या जुन्या धनकोंची देणी भागवण्यासाठी विकली. 26 सप्टेंबर 1820 रोजी तो वारला, तो नेथनच्या घरी, मुलानातवंडांच्या वस्तीत.