इको चांगला, मग कॅथ कशाला?

हृदयाच्या तपासणीवरच्या तुमच्या लेखातलं 'इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला की काळजी मिटली' हे वाक्य एकच कप्पा चालणाऱ्या हृदयाच्या मुलांना लागू करू नका. आमची खानापूरची भाची अशीच, जन्मतः हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडपच नाही. फोंटानच्या (शिरांतलं रक्त थेट फुफ्फुसाकडे वळवणाऱ्या शस्त्रक्रियेच्या) आधी बेंगळुरूत कॅथ, म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन तपासणी, सांगितलं तेव्हा भाऊजी चिडलेच, "रिपोर्ट चांगलाय की, परत पोरीला टोचायचं कशाला?"

डॉक्टरांनी शेतातल्या पाटासारखं समजावलं. फोंटाननंतर फुफ्फुसाकडे रक्त ढकलायला पंप राहत नाही, शिरांतलं रक्त आपल्या उतारानेच जातं. पुढचा कप्पा ताठर असला आणि भरताना त्यातला दाब चढला, की उतारच मोडतो. रक्त मागे तुंबतं, यकृत फुगतं, पोटात पाणी साचतं. इकोत आकुंचन झकास दिसतं, पण हा दाब अंदाजानेच कळतो. नेमका आकडा कॅथमध्ये. तिचा पाऱ्याचे ९ मिलिमीटर आला, साधारण १२ च्या आत हवा म्हणाले.

 

फ्रेंच सर्जन फोंटान यांनी ही शस्त्रक्रिया १९७१ मध्ये प्रसिद्ध केली, ती याच झडपेच्या दोषासाठी. लेखात तेही यायला हवं होतं.